आयव्ही की मोठी टीम? दोन्हीकडून बोलावणं आलं तर ठरवायचं कसं

मागची दोन-तीन वर्षं आमच्या लेकीच्या स्विमिंगच्या रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे कॉलेजच्या टीममध्ये जागा मिळवण्यात गेली आणि आता अमेरिकेतल्या आमच्या ओळखीतल्या पाच-सहा घरांतून तोच फोन येतो, की अगं एकीकडे आयव्ही लीगचं कॉलेज आहे आणि दुसरीकडे टीव्हीवर दिसणारी मोठी टीम, काय करू सांग. दर वेळी तासभर बोलणं होतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. खेळ टेनिस असो, ट्रॅक असो, रोइंग असो, विचार करायची रीत साधारण हीच राहते.

आम्ही सुरुवातीला 'अभ्यास की खेळ' यावरच वाद घालत बसलो, मी एका बाजूला, तिचे बाबा दुसऱ्या बाजूला, आणि पोरगी मधे गप्प. दोन महिने असेच गेले. मग एका ओळखीच्या क्लब कोचने एक प्रश्न विचारला आणि सगळं सरळ झालं. तो म्हणाला, प्रत्येक ऑफर समोर ठेवा आणि विचारा की हे लोक देतायत काय, आणि दिलेलं परत घेऊ शकतात का? बास. पुढचं सगळं ह्या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी दोन्ही बाजू काय देतात ते समजून घ्या

आयव्ही लीग ही खरं तर खेळाचीच लीग. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, ब्राऊन, डार्टमथ, पेन आणि कॉर्नेल, आठ कॉलेजं, १९५४ च्या करारावर उभी. ती डिव्हिजन वनच आहेत, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, पण खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, एक डॉलरही नाही. पैसे मिळतात ते फक्त घरच्या उत्पन्नावर, ज्याला नीड-बेस्ड एड म्हणतात. मग खेळाचा उपयोग काय? ॲडमिशन. कोचकडे मोजक्या जागा असतात, तो ॲडमिशन ऑफिसला सांगतो की हे पोर मला हवंय, आणि जिथे शंभरातल्या चार ते आठ जणांनाच प्रवेश मिळतो तिथे ह्या शब्दाला फार वजन असतं. पण मार्क लागतातच. त्यांचा ॲकॅडेमिक इंडेक्स नावाचा हिशोब असतो, जीपीए (शाळेतल्या मार्कांची सरासरी) आणि टेस्ट स्कोअर मिळून एक आकडा, आणि टीमची सरासरी बाकीच्या विद्यार्थ्यांच्या फार खाली जाऊ देत नाहीत.

आता आमच्या प्रश्नावर या. एकदा आत गेल्यावर हे परत घेता येतं का? नाही. पोराने दुसऱ्या महिन्यात टीम सोडली तरी तो त्या कॉलेजचा विद्यार्थी राहतो, आणि एड उत्पन्नावर असल्यामुळे खेळ सुटला म्हणून ती जात नाही. माझ्या मते आयव्हीच्या ऑफरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे आणि लोक तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलतात, नावाबद्दलच बोलत बसतात.

मोठ्या कॉन्फरन्सची (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची) टीम, म्हणजे एसईसी, बिग टेन, एसीसी, बिग ट्वेल्व्ह, तिथे खेळासाठी पैसे मिळतात, आणि ते घरचं उत्पन्न बघत नाहीत. शिवाय ट्रेनर, न्यूट्रिशनिस्ट, ट्यूटर, प्रवास, कपडे, सगळं अशा दर्जाचं असतं की पहिल्यांदा बघून पोरांचे डोळे दिपतात आणि आईबापांचेही दिपतात. पण इथे देणं कागदावर अवलंबून आहे. काही ठिकाणी स्कॉलरशिप एका वर्षाची असते आणि दर वर्षी नवी करायची, काही ठिकाणी चार वर्षांची लिहून देतात. २०१२ पासून डिव्हिजन वनच्या कॉलेजांना एकापेक्षा जास्त वर्षांचं लिहून देता येतं. देता येतं म्हणजे देतीलच असं नाही, मागावं लागतं.

त्यात २०२५ मध्ये नियमच बदलले. हाऊस केसची, म्हणजे खेळाडूंनी एनसीएए ह्या कॉलेज खेळांच्या संस्थेवर केलेल्या खटल्याची, तडजोड जूनमध्ये कोर्टाने मंजूर केली आणि १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातो, स्विमिंग-टेनिसवाल्यांनी त्या आकड्यावर नजर ठेवू नये. आपल्यासाठी महत्त्वाचा बदल वेगळाच आहे. पूर्वी प्रत्येक खेळाला स्कॉलरशिपची संख्या ठरलेली असायची (मुलींच्या स्विमिंगला १४, मुलांच्या ९.९, हो, दशांशात) आणि टीम कितीही मोठी चालायची. ह्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांत आता स्कॉलरशिपचा आकडा गेला आणि त्याऐवजी रोस्टरची, म्हणजे टीममधल्या एकूण खेळाडूंची मर्यादा आली, स्विमिंगला ३०. म्हणजे वरच्या पोरांना जास्त मिळू शकतं, पण टीमच्या शेपटाकडे असलेल्या पोरांना जागाच राहिली नाही. वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, आत जाऊन हळूहळू वर येईन हा रस्ता तिथे फार अरुंद झालाय. आयव्ही ह्या तडजोडीत सामील झाली नाही.

आणि खेळच बंद झाला तर? होतं असं. २०२० च्या जुलैत डार्टमथने स्विमिंगसकट पाच टीम बंद केल्या, त्याच महिन्यात स्टॅनफर्डने ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये मिशिगन स्टेटने स्विमिंग बंद करायचं जाहीर केलं. डार्टमथने सहा महिन्यांत आणि स्टॅनफर्डने पुढच्या वर्षी निर्णय मागे घेतला, मिशिगन स्टेटचं स्विमिंग गेलं ते गेलंच. २०२५ च्या मार्चमध्ये कॅल पॉलीने स्विमिंग बंद केलं, कारण सांगितलं ह्याच तडजोडीच्या पैशाचं. ही यादी मी घाबरवायला देत नाहीये. दोन्हीकडे टीम जाऊ शकते, फक्त टीम गेल्यावर तुमच्या पोराच्या हातात काय उरतं ते आधी बघा, म्हणजे ते कॉलेज पोराला टीमशिवायही आवडतंय का.

पैशाचं गणित घरी बसून करा, ऐकीव माहितीवर नको

'आयव्हीत पैसे मिळत नाहीत' आणि 'आयव्ही आता फुकट आहे' ही दोन्ही वाक्यं मी एकाच पार्टीत ऐकलीयत. खरं असं की ते तुमच्या उत्पन्नावर आहे. हार्वर्डने २०२५-२६ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना, मालमत्ता नेहमीइतकी असेल तर, ट्यूशन माफ केलीय आणि एक लाखापर्यंत तर राहणं-खाणंही त्यात येतं. प्रिन्स्टनची मर्यादा त्याहून वर आहे, अडीच लाखापर्यंत ट्यूशन माफ. पण आपल्याकडे नवराबायको दोघंही आयटीत असले की उत्पन्न बऱ्याचदा ह्याच्या वर जातं, आणि मग पूर्ण खर्च अंगावर येतो, वर्षाला ८५ हजार डॉलरच्या पुढे, चार वर्षांचे साडेतीन लाख. हे आकडे नुसते वाचू नका, प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, टॅक्स रिटर्न समोर घेऊन भरा. एक तास लागतो. आणि आयव्हीचा कोच गंभीर असेल तर तो एडचाही प्री-रीड करून देऊ शकतो, म्हणजे कमिट व्हायच्या आधी अंदाजे आकडा हातात. लाजू नका, मागा.

मोठ्या टीमकडून 'फुल राइड', म्हणजे सगळा खर्च आमचा, हा शब्द ऐकला की लगेच नाचू नका. स्विमिंग, टेनिस, ट्रॅक अशा खेळांत बरेचदा अर्धवट स्कॉलरशिपच असते, ३० टक्के, ५० टक्के. राज्याबाहेरच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत ५० टक्के म्हणजे उरलेले किती ते मांडा. टक्के कसले तेही विचारा, फक्त ट्यूशनचे की राहणं-खाणं धरून. आमच्याकडे एका कोचने फोनवर जो आकडा सांगितला तो ट्यूशनचा होता आणि आम्ही आठवडाभर तो सगळ्या खर्चाचा समजून चाललो होतो.

पोर तिथे खेळेल का, हे रिझल्टमधून काढा

हे काम दोन संध्याकाळी बसून होतं आणि याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. स्विमिंगमध्ये तर लपवाछपवीच नाही. ज्या दोन-तीन कॉलेजांचा विचार आहे त्यांच्या कॉन्फरन्स चॅम्पियनशिपचे मागच्या तीन वर्षांचे रिझल्ट काढायचे, आपल्या पोराच्या प्रत्येक इव्हेंटला पहिल्या २४ मध्ये यायला किती वेळ लागला ते लिहायचं, आणि शेजारी पोराचा आजचा वेळ. मग त्या टीमचं रोस्टर उघडायचं आणि त्याच इव्हेंटच्या मुली किती आहेत, त्यातल्या कुठल्या इयरला आहेत, कोण पास होऊन जाणार ते बघायचं. आम्ही हे तक्त्यात मांडलं तेव्हा दिसलं की आयव्हीत लेक पहिल्याच वर्षी २०० बॅकच्या (२०० यार्ड बॅकस्ट्रोकच्या) फायनलजवळ होती, आणि मोठ्या टीममध्ये तिला पहिल्या २४ मध्ये यायला दीड सेकंद कमी करावा लागणार होता. दोनशे यार्डात दीड सेकंद. ज्यांना पोहणं माहितीय त्यांना कळेल की हे अशक्य नाही पण दोन वर्षांचं काम आहे.

टेनिसवाल्यांनी यूटीआर, म्हणजे खेळाडूचं टेनिस रेटिंग, बघावा, लाइनअपमध्ये सहा सिंगल्स खेळतात, त्या सहा जणांचे यूटीआर काय आणि आपला कुठे बसतो. टीम गेममध्ये हे अवघड जातं, तिथे कोचला सरळ विचारावं की माझ्या जागी तुम्ही अजून किती जणांशी बोलताय.

यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, विसरू नका. २०१८ मध्ये पोर्टल आलं, आणि २०२४ पासून अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा कॉलेज बदला, एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. पोरांच्या हातात हे चांगलंच आलंय, पण कोचच्याही हातात आलंय. हायस्कूलमधल्या सतरा वर्षांच्या पोरीला दोन वर्षं घडवण्यापेक्षा तयार असलेली वीस वर्षांची मुलगी पोर्टलमधून आणणं कोचला सोपं पडतं. म्हणून विचारा, मागच्या दोन वर्षांत तुम्ही पोर्टलमधून किती जणी आणल्या आणि तुमच्याकडून किती गेल्या? जास्त गेल्या असतील तर त्यातल्या एखादीला गाठून का ते ऐका.

एक मंगळवार मागून घ्या

नियम म्हणतो सीझनमध्ये आठवड्याला २० तास, दिवसाला ४, आणि एक दिवस सुट्टी. कागदावर. पण प्रवास, फिजिओ, टेप लावणं, मीटिंगांमधले बरेच तास त्यात धरतच नाहीत आणि मीटचा अख्खा दिवस तीन तास म्हणून मोजतात. म्हणून नियम विचारू नका, वेळापत्रक बघा.

लेक ऑफिशियल व्हिजिटला, म्हणजे कॉलेजच्या खर्चाने टीम बघायला, गेली तेव्हा मी तिला एकच काम सांगितलं होतं, तुझ्या होस्ट मुलीला तिच्या मंगळवारचा फोटो माग. आली घेऊन. मोठ्या टीमच्या सेकंड इयरच्या मुलीचा मंगळवार: पावणेसहाला वजनं, साडेसहा ते आठ पाणी, साडेनऊ आणि अकराला लेक्चर, दीडला ट्रेनरकडे खांदा, दोन ते साडेचार परत पाणी, सहाला ट्यूटर, आणि रात्री साडेनऊला 'झोप' असं स्वतःच्या हाताने लिहिलेलं, त्याखाली दोन रेघा. केमिस्ट्रीची लॅब त्यात कुठेच नव्हती. लेकीने विचारलं तर ती सहज म्हणाली, लॅब दुपारी एक ते चार असते म्हणून मी उन्हाळ्यात करते. तक्रार नव्हती तिची, तिने रस्ता काढला होता. पण उन्हाळ्यात लॅब म्हणजे उन्हाळ्यात इंटर्नशिप नाही, हा हिशोब आम्ही घरी येऊन केला.

ज्यांचं पोर प्री-मेड (मेडिकलला जायची तयारी), इंजिनियरिंग, नर्सिंग, आर्किटेक्चर असलं काही धरून बसलंय त्यांनी हा भाग दोनदा वाचा. नॉर्थवेस्टर्नचा क्वार्टरबॅक केन कोल्टर २०१४ मध्ये खेळाडूंच्या युनियनसाठी उभा राहिला तेव्हा त्याने साक्षीत हेच सांगितलं होतं, की प्री-मेडसाठी लागणारा केमिस्ट्रीचा क्लास प्रॅक्टिसच्या वेळेवर येत होता. नॉर्थवेस्टर्न म्हणजे अभ्यासात उत्तम कॉलेज. म्हणजे कॉलेजचं नाव बघून हा प्रश्न सुटत नाही, टीमची प्रॅक्टिस किती वाजता आहे त्याने सुटतो. कोचला विचारा, मागच्या चार वर्षांत तुमच्या टीममधून किती जण इंजिनियर झाले, किती मेडिकलला गेले, आणि लॅब आणि प्रॅक्टिस एका वेळी आली तर मुलगी कुठे जाते? उत्तर देताना किती वेळ थांबतो तेही ऐका. आयव्हीतही विचारा, तिथे सगळं आपोआप जमतं असं समजू नका, पहाटेची प्रॅक्टिस तिथेही आहे आणि वर्गातली बाकीची पोरं पोहत नाहीत, ती ते सगळे तास अभ्यास करतायत.

दुसरीकडे मोठ्या टीममध्ये अभ्यास होतच नाही हाही आपल्या लोकांचा एक गैरसमज आहे, आणि तो मला मनापासून खटकतो. मायरन रोल फ्लोरिडा स्टेटला फुटबॉल खेळला, अडीच वर्षांत डिग्री घेतली, ऱ्होड्स स्कॉलर झाला, एनएफएलमध्ये गेला आणि आज न्यूरोसर्जन आहे. केट डग्लस व्हर्जिनियाला पोहली, तिथूनच स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स केलं आणि २०२४ मध्ये ऑलिंपिक गोल्ड. आपला टेनिसवाला सोमदेव देववर्मन व्हर्जिनियालाच होता, २००७ आणि २००८, लागोपाठ दोनदा कॉलेजचा सिंगल्स चॅम्पियन. उलट बाजूलाही माणसं आहेत. बास्केटबॉलवाल्या बिल ब्रॅडलीने ड्यूकला जायचं ठरवलं होतं आणि ऐनवेळी स्कॉलरशिप सोडून प्रिन्स्टनला गेला, १९६५ मध्ये टीमला फायनल फोरपर्यंत, म्हणजे देशातल्या शेवटच्या चारांत, नेलं, पुढे न्यूयॉर्क निक्सबरोबर दोन टायटल आणि मग सेनेटर. जेरेमी लिनला तर स्कॉलरशिपची एकही ऑफर नव्हती, घर स्टॅनफर्डच्या गावात, तरी हार्वर्डमधून एनबीएत गेला. ही सगळी फार वरची माणसं आहेत हे कबूल, मी सांगतेय ते इतकंच की दोन्ही रस्त्यांवर दोन्ही गोष्टी झाल्यायत.

प्रो होण्याबद्दल मात्र घरात एकदा स्पष्ट बोला. एनसीएए स्वतःच सांगते की त्यांच्या खेळाडूंपैकी दोन टक्क्यांहून कमी प्रो होतात. पोराला त्या दोनात जायचंय का, आणि आज त्याचा क्रमांक बघता ते दिसतंय का? दिसत असेल तर मोठ्या टीमचं पारडं जड होतं, कारण रोज आपल्यापेक्षा वेगवान माणसाच्या शेजारी सराव करणं ह्याला पर्याय नाही. दिसत नसेल तरीही पोराला चार वर्षं तसं जगून बघायचं असेल तर ते कारण पुरेसं आहे, मी आता असं मानते. आधी मानत नव्हते.

दोन टोकांच्या मधे बरंच काही आहे

स्टॅनफर्ड, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, व्हँडरबिल्ट, नोत्रे डेम, मिशिगन, व्हर्जिनिया, यूसीएलए, इथे स्कॉलरशिपही आहे आणि अभ्यासही. तिथे जागा मिळत असेल तर प्रश्नच वेगळा होतो, पण प्रवास बघा, स्टॅनफर्ड २०२४ पासून एसीसीमध्ये आहे, म्हणजे कॅलिफोर्नियाची पोरं नॉर्थ कॅरोलायनाला कॉन्फरन्स मॅच खेळायला जातात, तीन तासांचा टाइम झोन ओलांडून. आणि डिव्हिजन थ्रीला कृपया नाक मुरडू नका. एमआयटी (रोइंग सोडून), कॅलटेक, शिकागो, एमरी, कार्नेगी मेलन, विल्यम्स, ॲमहर्स्ट हे सगळे डिव्हिजन थ्री. खेळाची स्कॉलरशिप नाही, पण सीझन आटोपशीर आणि लॅबला जाता येतं. स्क्वॉशवाल्यांचं तर जगच वेगळं, ते एनसीएएत नाहीच, आणि हार्टफर्डच्या ट्रिनिटीने १९९८ ते २०१२ सलग २५२ सामने जिंकले ते भारतातून आलेल्या मुलांना बरोबर घेऊनच.

तारखा, आणि 'हो'चा अर्थ

बहुतेक खेळांत सोफोमोर इयर (दहावी) संपल्यावर १५ जूनपासून कोच बोलू शकतो आणि ज्युनियर इयर (अकरावी) सुरू होतानाच्या १ ऑगस्टपासून ऑफिशियल व्हिजिट. फुटबॉल-बास्केटबॉलच्या तारखा वेगळ्या. पण तयारी नववीत सुरू होते, कारण डिव्हिजन वनला १६ कोअर कोर्स (ठरवून दिलेले मुख्य विषय) लागतात आणि त्यातले १० सीनियर इयर (बारावी) सुरू व्हायच्या आत झालेले हवेत, मागून धावून भरता येत नाहीत. आयव्हीचा ॲकॅडेमिक प्री-रीड, म्हणजे ॲडमिशन ऑफिसने मार्क आधीच बघणं, सीनियर इयरच्या आधीच्या जुलैत होतो, तोवर ट्रान्सक्रिप्ट आणि टेस्ट स्कोअर तयार ठेवा.

आता सगळ्यात नाजूक भाग. आयव्हीचा कोच जेव्हा 'आम्ही तुला सपोर्ट करू' म्हणतो तेव्हा ती ॲडमिशन नसते. कोच ॲडमिशन देऊच शकत नाही. भरवशाचा कागद एकच, लाइकली लेटर, म्हणजे प्रवेश जवळजवळ नक्की असल्याचं पत्र, आणि ते ॲडमिशन ऑफिसकडून येतं, १ ऑक्टोबरनंतर. आमच्या एका मित्राच्या मुलाला कोचने जुलैत सांगितलं की तू आमचा पहिला आहेस. पोराने विश्वास ठेवून बाकी तीन कोचना नाही कळवलं. सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला मेसेज, ऑक्टोबरच्या मध्यात कोच गप्प, आणि नोव्हेंबरला दोन ओळींचा मेल की ह्या वर्षी जागा भरल्या. पोर तीन दिवस खोलीतून बाहेर आलं नव्हतं. म्हणून जुलैतच हे नेमके शब्द विचारा, पोराने विचारायचे, आपण नाही: 'तुमच्या सपोर्टच्या जागांपैकी एक माझ्यासाठी आहे का? मागच्या तीन वर्षांत पूर्ण सपोर्ट दिलेल्या किती जणांना ॲडमिशन मिळाली नाही? मला लाइकली लेटर मिळेल का आणि कधी?' चांगला कोच चिडत नाही. जो गुळमुळीत बोलतो त्याच्यासाठी बाकीचे दरवाजे बंद करू नका.

मोठ्या टीमलाही तोंडी कमिट म्हणजे तोंडीच. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूला कॉलेजशी बांधणारा पूर्वीचा कागद, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं, आता स्कॉलरशिपचा करार हाच कागद. तो सगळा वाचा. किती वर्षांचा? दुखापत झाली तर? कोच बदलला तर? टीममधून काढलं तर पैसे राहतात का? उन्हाळी क्रेडिटचे पैसे कोण देणार? एखाद्या वकिलाला दाखवायला लाजू नका, घर घेताना दाखवतोच ना.

व्हिसावर असलेल्या घरांना एक सांगायचंय. पोर एच-फोर किंवा एफ-वनवर असेल तर एनआयएलचे पैसे, म्हणजे स्वतःच्या नावाचे-फोटोचे मिळणारे, कामाच्या नियमात अडकतात, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय काही सही करू नका. आणि नागरिक नसलेल्यांना एड लागणार म्हणून प्रवेश नाकारत नाहीत अशी कॉलेजं मोजकी आहेत, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ, ब्राऊन, एमआयटी, ॲमहर्स्ट त्यात येतात. भारतातून थेट येणाऱ्या मुलांसाठी ही यादी सोन्यासारखी आहे.

आमचं काय झालं

दोन्ही ऑफर जेवणाच्या टेबलावर ठेवल्या, मधे एक वही, आणि दोन रकाने, 'परत घेता येईल' आणि 'येणार नाही'. आयव्हीच्या 'येणार नाही' रकान्यात ॲडमिशन आणि डिग्री. पैशाचा रकाना कोरा, आमच्या उत्पन्नावर एड शून्य आली होती. मोठ्या युनिव्हर्सिटीच्या पानावर सुरुवातीला सगळंच 'परत घेता येईल' मधे गेलं. मग लेकीने स्वतः कोचला फोन केला, आम्ही शेजारच्या खोलीत, आणि विचारलं की तुम्ही चार वर्षांचं लिहून द्याल का, दुखापत धरून. त्याने दोन दिवस मागितले आणि दिलं. अर्ध्याहून जास्त खर्च, चार वर्षं, कागदावर. शिवाय स्टॅटिस्टिक्सला तिथे ऑनर्स प्रोग्राम होता आणि त्याला दुपारची लॅब नव्हती. मला मनातून आयव्हीच हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती म्हणाली, आई, मी किती फास्ट जाऊ शकते ते मला बघायचंय, आणि ते आत्ताच बघता येतं. ह्यावर माझ्याकडे काही नव्हतं.

पहिल्याच वर्षी जानेवारीत तिचा खांदा गेला, उरलेला सीझन ती काठावर बसून स्टॉपवॉच धरत होती. स्कॉलरशिपच्या रकमेत एका डॉलरचा फरक पडला नाही. तुमच्या घरी वहीत वेगळे रकाने भरतील, प्री-मेड असतं तर आमच्याही घरी वेगळेच भरले असते.

शेवटचं काम, जे बहुतेक घरांत राहून जातं. ठरलं की त्याच दिवशी दुसऱ्या कोचला पोराने स्वतः फोन करायचा, मेल नाही. त्याने ती जागा अडवून ठेवलेली असते आणि दुसऱ्या कोणाचं तरी पोर तिची वाट बघत असतं. लेकीने चार ओळी कागदावर लिहून घेतल्या होत्या, आवाज थरथरत होता, दुसऱ्या ओळीनंतर कागद बाजूला ठेवून बोलली. आयव्हीचा तो कोच ऐकून म्हणाला, फोन केलास म्हणून थँक यू, तुझं २०० बॅक मी बघत राहीन. मार्चमध्ये ती जखमी असताना त्याचा मेसेज आला होता, खांदा कसा आहे म्हणून.